घड्याळाची नाडी

आपल्या घरात वेळेशी दिवसातून निदान पाच वेळा गाठ पडते. अजान ऐकू आली तरी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जातेच. आणि रमजान आला की मिनिटालाही किंमत येते. सहरीच्या शेवटच्या घोटाला आणि इफ्तारच्या पहिल्या खजुराला घरातली लहानथोर माणसे घड्याळाकडे डोळे लावून बसतात. तरीही, "हे घड्याळ बरोबर आहे का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर आपण क्वचितच नीट शोधतो. मोबाइलशी ताडून पाहतो, काटे पुढेमागे करतो आणि विषय संपवतो.

खरे तर या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. घड्याळ आत्ता बरोबर वेळ दाखवते का, हा पहिला. ते बरोबर चालते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काटे फिरवून मिळते. दुसऱ्यासाठी घड्याळाची तपासणी करावी लागते. बंद पडलेले घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते. उलट, उत्तम चालणारे घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर दिवसभर चुकीची वेळ दाखवते. गेल्या वर्षीच्या रमजानमध्ये हा फरक आमच्या घराला चांगलाच समजला. त्याबद्दल चार गोष्टी वाचकांना सांगाव्यात, म्हणून हे लिहितो आहोत.

आमचे अब्बा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले. नोकरीत कायम झाल्यावर, १९७८ साली, त्यांनी एक एचएमटी 'जनता' घड्याळ घेतले. चावीचे, सतरा ज्वेलचे, पांढऱ्या तबकडीचे. तेव्हापासून ते त्यांच्या डाव्या मनगटावर आहे. रोज फजरनंतर त्याला चावी द्यायची, रात्री ते ताकात तबकडी वर करून ठेवायचे आणि जुम्याच्या नमाजला गेले की मशिदीच्या घड्याळाशी ते मिळवायचे, हा त्यांचा शिरस्ता. आमच्यापैकी कुणीही त्या घड्याळाला हात लावत नाही.

आजच्या मुलांना एचएमटीचे अप्रूप कळणार नाही. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी. तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरात मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. पुढे श्रीनगर आणि तुमकूर येथेही तिची घड्याळे बनू लागली. त्या काळी ही घड्याळे सहज मिळत नसत, नंबर लावून थांबावे लागे. दहावी पास झालेल्या मुलाला, नवऱ्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना द्यायची भेट म्हणजे एचएमटी. ऐंशीच्या दशकात सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय घेतला. पण मराठवाड्यातल्या किती तरी घरांत, कपाटातल्या डब्यात किंवा एखाद्या बुजुर्गाच्या मनगटावर ही घड्याळे अजून आहेत.

अब्बांच्या मुलखावेगळ्या सवयी पुष्कळ आहेत. त्यातली एक म्हणजे ते सहरी टाइमटेबलच्या वेळेआधी बरोबर पाच मिनिटे थांबवतात, त्यांच्या घड्याळानुसार. मोबाइल ते पाहत नाहीत. गेल्या रमजानच्या एकोणिसाव्या रोजाची सहरी चालू होती. वार गुरुवार. अब्बांनी घड्याळ पाहिले, पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि तोंड पुसतात न पुसतात तोच मशिदीतून सहरी संपल्याचा ऐलान झाला. अब्बांच्या घड्याळात अजून जवळपास पाच मिनिटे बाकी होती. "मस्जिद की घडी आगे है," असे ते म्हणाले. पण धाकट्या मुलाने मोबाइल पुढे धरला. मशिदीचे घड्याळ बरोबर होते.

अब्बा काही बोलले नाहीत. फजरहून आल्यावर त्यांनी घड्याळ काढून ताकात ठेवले आणि चावी दिली, पण ते पुन्हा मनगटावर बांधले नाही. मग दिवसभर ते आम्हाला, मुलांना, अगदी दूधवाल्यालाही वेळ विचारत राहिले. मुलीने त्यांना स्मार्टवॉच देऊ केले, ते त्यांनी हसून परत केले. आम्हाला जाणवले की प्रश्न घड्याळापुरता नव्हता. ज्या माणसाच्या घंटेवर शाळा भरली आणि सुटली, त्याला आता वेळ दुसऱ्याला विचारावी लागत होती. आणि मनात एक काटा रुतून बसला होता. रात्री तरावीहनंतर त्यांनी तो बोलून दाखवला, "हे मागे पडते आहे तरी किती दिवसांपासून? झालेल्या रोज्यांचे काय?"

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर, दुपारी दीडच्या सुमारास, आम्ही त्यांचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिले. बरोबर आठवड्यापूर्वी, त्याच वेळी, अब्बांनी ते मिळवले होते. आता ते ५ मिनिटे ५० सेकंद मागे होते. म्हणजे सात दिवसांत ३५० सेकंद, दिवसाला ५० सेकंद. घड्याळाच्या या रोजच्या चुकीला कारागीर 'रेट' म्हणतात.

पन्नास सेकंद ऐकायला फार वाटतात. पण एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यात पन्नासांची चूक म्हणजे शंभरात सहा शतांशाहूनही कमी. परीक्षेच्या भाषेत सांगायचे तर त्या घड्याळाला ९९.९४ टक्के गुण मिळाले होते. ऐंशी टक्क्यांना पेढे वाटणारे आपण! पण वेळेचा हिशेब वेगळा असतो. इथे रोजची चूक दुसऱ्या दिवशी पुसली जात नाही, ती साचत जाते. जुम्याला मिळवलेले घड्याळ शनिवारी पहाटे फक्त अर्धा मिनिट मागे असते, गुरुवारी पहाटे तेच पावणेपाच मिनिटे मागे पडलेले असते.

शनिवारी आम्ही अब्बांना घेऊन शहागंजच्या बाजूच्या एका घडीसाजाकडे गेलो. शहागंजात निजामाच्या काळात उभारलेला घड्याळाचा मनोरा आहे, तो आपल्या शहरातल्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातल्या, सगळ्यांनाच माहीत आहे. एके काळी मनगटावर घड्याळ असणे ही चैन होती. तेव्हा अशा मनोऱ्याकडे पाहूनच बाजार उघडत आणि मिटत. आता बाजारात घड्याळे विकणारे पुष्कळ, पण डोळ्याला भिंग लावून चावीचे घड्याळ उघडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. आमचे उस्ताद त्यांतलेच एक. ते अब्बांना 'मास्टरसाब' म्हणतात.

उस्तादांनी घड्याळ कानाला लावले नाही की उघडलेही नाही. त्यांनी ते एका छोट्या शिकंजात अडकवले. शिकंजातून एक वायर वहीएवढ्या पडद्याकडे गेलेली होती. हेच टाइमिंग मशीन. कारागिरांच्या बोलीत 'टाइमग्राफर'. पूर्वी अशी यंत्रे मोठी असत, स्वित्झर्लंडमधून येत आणि कागदाच्या पट्टीवर ठिपके छापत. आता चीनमध्ये बनलेली छोटी यंत्रे आल्यामुळे गल्लीतल्या कारागिरालाही ती परवडतात.

यंत्राचे काम समजून घेण्यासारखे आहे. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली एक मुख्य स्प्रिंग असते. चावी दिली की ती आवळली जाते आणि हळूहळू सुटत चक्रे फिरवते. ती एकदम सुटून जाऊ नये म्हणून शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. बॅलन्स व्हील नावाचे छोटे चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर डावी-उजवीकडे झोके घेते. प्रत्येक झोक्याला ते एका छोट्या काट्याला धक्का देते, काटा दाते असलेल्या चक्राचा एक दात सोडतो आणि पुढचा अडवतो. आपण ऐकतो ती 'टिक' याच धक्क्यांची. अब्बांच्या घड्याळात असे झोके तासाला १८,००० होतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षाला पंधरा कोटींच्या वर. अब्बांच्या मनगटावर ते सत्तेचाळीस वर्षे चालू होते.

मशीन ही टिकटिक ऐकते. शिकंजात एक संवेदनशील मायक्रोफोन असतो. मशीनच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे अचूक घड्याळ असते. प्रत्येक टिक आली ती वेळेवर आली, लवकर आली की उशिरा, हे मशीन त्या अचूक घड्याळाशी ताडून पाहते आणि पडद्यावर ठिपका काढते. ठिपक्यांची रेघ आडवी सरळ गेली तर घड्याळ बरोबर. वर चढत गेली तर ते पुढे पळते आहे, खाली उतरत गेली तर मागे पडते आहे. जी चूक शोधायला आम्हाला आठवडा लागला, ती मशीन अर्ध्या मिनिटात सांगते.

पण मशीन फक्त तेवढेच सांगत नाही. पडद्यावर तीन आकडे येतात आणि तिन्ही एकत्र वाचावे लागतात. उस्तादांनी ते आम्हाला समजावून सांगितले.

पहिला आकडा रेटचा, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दुसरा आकडा झोक्याचा. बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरते, त्याला 'अ‍ॅम्प्लिट्यूड' म्हणतात. नीट पाहिले तर एका टिकमध्ये तीन बारीक आवाज असतात. पहिल्या आणि शेवटच्या आवाजातले अंतर मोजून मशीन झोका काढते. त्यासाठी त्या घड्याळाचा एक ठराविक कोन मशीनला आधी सांगावा लागतो, बहुतेक घड्याळांत तो ५२ अंशांच्या आसपास असतो. पूर्ण चावी दिलेले निरोगी घड्याळ आडवे ठेवले तर झोका साधारण २७० ते ३०० अंशांचा असतो. तिसरा आकडा 'बीट एरर'चा. 'टिक' आणि 'टॉक' यांच्यातले अंतर सारखे नसेल तर घड्याळ लंगडत चालते. हा फरक मिलिसेकंदात येतो आणि तो एकाहून कमी असलेला बरा.

हकीमसाहेब नाडी पाहताना फक्त ठोके मोजत नाहीत, ठोक्यात जोर किती आणि ताल सुटतो का, हेही पाहतात. मशीनचे तीन आकडे तेच काम करतात.

अब्बांच्या घड्याळाचे आकडे असे आले. तबकडी वर असताना उणे ३१ सेकंद. तबकडी खाली असताना उणे ३५. मग उस्तादांनी शिकंजा उभा केला. चावी खाली असताना उणे ६२ आणि चावी डावीकडे असताना उणे ७०. चारही आकड्यांची सरासरी काढली तर जवळपास पन्नास. आमचा घरगुती हिशेबही तोच होता! झोका आडव्या स्थितीत २०५ अंश आणि उभ्या स्थितीत जेमतेम १६०. बीट एरर दोनाच्या वर.

"एकच आकडा पाहून घड्याळाबद्दल बोलू नये," असे उस्ताद म्हणाले. मनगटावरचे घड्याळ दिवसभर वेगवेगळ्या स्थितींत असते. खडूने लिहिताना उभे, जेवताना आडवे, झोपताना ताकात. प्रत्येक स्थितीत त्याच्या चाकांवर वजन वेगळे पडते. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये ज्या घड्याळांना अचूकतेचे सरकारमान्य प्रमाणपत्र हवे असते, त्यांना पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन वेगवेगळ्या तापमानांत तपासतात. रोजची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसली तरच ती पास होतात.

आता खरा मुद्दा. अब्बांना आठवले की पाच-सहा वर्षांपूर्वीही घड्याळ असेच मागे पडू लागले होते. तेव्हा दुसऱ्या एका दुकानात दोन मिनिटांत 'बरोबर' करून मिळाले होते. उस्ताद हसले. बॅलन्सजवळ एक छोटी दांडी असते. ती किंचित सरकवली की केसासारख्या स्प्रिंगची कामातली लांबी कमी-जास्त होते आणि घड्याळ पुढे किंवा मागे होते. आताही ती दांडी सरकवून उणे पन्नासचे शून्य करता आले असते. पडद्यावरची रेघ सरळ दिसली असती आणि आम्ही खूश होऊन घरी आलो असतो. पण झोका २०५ चा २०५ च राहिला असता. रोग होता सुकलेल्या तेलाचा. बारा-तेरा वर्षे घड्याळ उघडून साफ केलेले नव्हते. यात बनवणाऱ्या कंपनीचा काही दोष नाही, कुठल्याही चावीच्या घड्याळाचे तेल काही वर्षांनी घट्ट होते, त्यात धूळ मिसळते आणि चाके जड होतात. अशा घड्याळाची नुसती दांडी सरकवणे म्हणजे तापाचे कारण न शोधता थर्मामीटर झटकून खाली आणणे.

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला अधिकच लागली. मुलाचे गुण कमी आले की शिकवणी लावून, अपेक्षित प्रश्न पाठ करून गुण वर आणता येतात. रेघ सरळ दिसते. त्याला वाचायची ताकद आली का, हा झोक्याचा आकडा मात्र गुणपत्रिकेवर छापलेला नसतो.

उस्तादांनी घड्याळ चार दिवस ठेवून घेतले. पूर्ण खोलले, पेट्रोलने धुतले, मुख्य स्प्रिंग बदलली, जिथे लागते तिथे सुईच्या टोकाएवढे तेल दिले. नऊशे रुपये घेतले. देताना पुन्हा मशीनवर लावून दाखवले. तबकडी वर अधिक ५, खाली अधिक ७. उभ्या स्थितींत उणे २ आणि उणे ४. झोका आडवा २८५, उभा २५०. बीट एरर अर्ध्याहून कमी. अब्बा पडद्याजवळ वाकून त्या दोन सरळ रेघांकडे बराच वेळ पाहत राहिले.

मग त्यांनी उस्तादांना तोच प्रश्न विचारला, रमजानच्या पहिल्या जुम्याला हे किती मागे होते? उस्ताद म्हणाले, "मास्टरसाब, मशीन आजचे सांगते, कालचे नाही."

घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कालचे कळत नाही हे खरे. पण सुकलेले तेल आपोआप पातळ होत नाही. म्हणजे आधीच्या आठवड्यांत घड्याळ रोज पन्नास सेकंदांहून अधिक मागे पडत असण्याची शक्यता नव्हती. वाईटात वाईट धरू. जुम्याच्या दुपारी दीडपासून गुरुवारच्या पहाटे सव्वापाचपर्यंत सुमारे ५ दिवस १६ तास होतात. पन्नासाच्या हिशेबाने घड्याळ ४ मिनिटे ४३ सेकंद मागे. अब्बा थांबत पाच मिनिटे आधी. म्हणजे त्या गुरुवारी १७ सेकंद शिल्लक होते! शनिवार ते गुरुवार सगळे दिवस निभावले. राहिली जुम्याची पहाट. तेव्हा घड्याळ ५ मिनिटे ३३ सेकंद मागे, म्हणजे पाच मिनिटांच्या पुढे ३३ सेकंद. रमजानचे असे दोन जुमे होऊन गेले होते. तिसऱ्या जुम्याची सहरी अब्बांनी मोबाइलवर केली होती.

मौलानासाहेबांना सगळा हिशेब दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन वाचला. ते म्हणाले की नुसत्या शंकेने रोजा जात नाही. वेळ संपल्यावर खाल्ले अशी खात्री झाली असती तर त्या दिवसाची कजा करावी लागली असती. इथे खात्री नाही, शिवाय आमच्या टाइमटेबलमध्ये खबरदारीची मिनिटे आधीच धरलेली आहेत. (कुणाला असा प्रसंग आलाच, तर आपल्या जवळच्या आलिमांना विचारावे. आम्ही फक्त आमच्या बाबतीत घडले ते लिहितो आहोत.) अब्बांनी मान हलवली. ईद झाली आणि शव्वालमध्ये त्यांनी दोन रोजे ठेवले. आम्ही काही विचारले नाही. हिशेबाने अब्बांची एकोणीस रोज्यांची चिंता दोनांवर आली होती. त्या दोनांचे काय करायचे, हा त्यांचा आणि अल्लाहचा मामला होता.

घड्याळ तपासून घेण्याची ही काळजी आपल्यात नवी नाही. मध्ययुगात इस्लामी जगातल्या मोठ्या मशिदींमध्ये 'मुवक्कित' नावाचा एक जबाबदार माणूस असे. त्याचे काम नमाजच्या वेळा सूर्य आणि ताऱ्यांवरून हिशेबाने काढण्याचे. दमिश्कच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हे थोर खगोलशास्त्रज्ञ मुवक्कित होते. १३७१ साली त्यांनी मशिदीच्या मनोऱ्यासाठी एक मोठी सूर्यघडी बनवली. सोळाव्या शतकात इस्तंबूलचे तकीउद्दीन यांनी यांत्रिक घड्याळांवर ग्रंथ लिहिला. पुढे उस्मानी राज्यात मशिदींना लागून मुवक्कितखाने असत. तिथे चांगली घड्याळे ठेवलेली असत आणि येणारे-जाणारे लोक त्यांवर आपली घड्याळे मिळवून घेत. अब्बा दर जुम्याला मशिदीच्या घड्याळाशी आपले घड्याळ मिळवतात, तेव्हा नकळत तीच परंपरा पाळतात.

मुवक्कितांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट आपण मोबाइलच्या जमान्यात विसरतो. घड्याळ अगदी बरोबर असले, तरी वेळ गावागणिक बदलते. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. आपले शहर सुमारे ७५.३ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या बऱ्याच पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी २८-२९ मिनिटे उशिरा येतो. म्हणून आपल्याकडे खरी मध्यान्ह बारा वाजता होत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला ती पावणेएकच्या सुमारास होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास. मुंबईची मध्यान्ह आपल्यानंतर जवळपास दहा मिनिटांनी, नागपूरची आपल्या पंधरा मिनिटे आधी. तेव्हा नातेवाइकांनी पाठवलेले मुंबईचे टाइमटेबल लावून इथे सहरी केली, तर अब्बांच्या घड्याळाने आठवड्यात केली त्याहून मोठी चूक एका दिवसात होईल. घड्याळाआधी टाइमटेबल कुठल्या शहराचे आहे ते पाहावे.

ईदच्या सुटीनंतर शाळेत आम्ही मुलांना हा सगळा हिशेब करायला दिला. काही मोबाइल अ‍ॅप घड्याळाची टिकटिक ऐकून रेट काढतात. मशीनइतके ते भरवशाचे नाहीत, वर्गात तर पंख्याचाच आवाज जास्त, पण मुलांना कल्पना येते. त्याहून सोपा प्रयोग घरी करता येतो. घड्याळ एका ठराविक दिवशी, ठराविक वेळी मोबाइलशी सेकंदासह मिळवा, सात दिवसांनी त्याच वेळी फरक लिहून घ्या आणि त्याला सातने भागा. हाच तुमच्या घड्याळाचा रेट. एका मुलीने आपल्या नानांच्या बंद घड्याळाला चावी दिली, ते चालू झाले आणि तिने आठवडाभर वहीत नोंद ठेवली. "सर, नाना रोज विचारतात, आज किती मागे?" असे ती सांगत आली.

ज्यांच्या घरी असे जुने घड्याळ आहे त्यांच्यासाठी उस्तादांनी सांगितलेल्या काही गोष्टी. चावी रोज एकाच वेळी द्यावी, मनगटावरून काढून द्यावी आणि अडली की थांबावे. पाच-सहा वर्षांनी एकदा ते उघडून साफ करून घ्यावे, चालते आहे म्हणून ठीक आहे असे समजू नये. घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे पळू लागले, तर चुंबकाचा संशय घ्यावा. स्पीकर, मोबाइलचे चुंबकी कव्हर, पर्सचे चुंबकी बटण यांच्याजवळ ठेवल्याने केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबक उतरवायला कारागिराला दोन मिनिटे लागतात. आणि कुणी न उघडता घड्याळ बरोबर करून दिले, तर एवढेच विचारावे, "झोका किती आहे?"

हेही मान्य केले पाहिजे की शंभर-दोनशे रुपयांचे सेलचे घड्याळ कुठल्याही चावीच्या घड्याळापेक्षा अचूक चालते. त्याची चूक महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आसपास असते. केवळ वेळच हवी असेल तर ते पुरेसे आहे. पण घरातल्या बुजुर्गाच्या हातातली वस्तू काढून घेऊन नवी देणे हा नेहमीच सोपा इलाज नसतो. आमच्या मुलीने स्मार्टवॉच देऊ केले ते प्रेमानेच. अब्बांना मात्र हवे होते ते त्यांचे स्वतःचे, विश्वास ठेवता येईल असे घड्याळ. वय झालेल्या माणसाची एखादी गोष्ट मागे पडू लागली की आपण घाईने ठरवून टाकतो, आता हे जमणार नाही, राहू द्या. कधी कधी ते खरेही असते. पण आधी नाडी बघावी. नुसते तेल सुकलेले असू शकते.

दुसऱ्या आठवड्याच्या जुम्याला आम्ही पुन्हा फरक पाहिला. सात दिवसांत बारा सेकंद, तेही पुढे. अब्बांनी ते स्वतः वाचले, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला चष्मा लावून. आता ताकाजवळ एक छोटी वही असते. दर जुम्याला ते तिच्यात तारीख आणि सेकंद लिहितात, खाली सही करतात, पूर्वी हजेरीपटावर करायचे तशीच. मशिदीच्या कमिटीला त्यांनी सांगून ठेवले आहे की मोठे घड्याळही दर महिन्याला तपासून घेत जा. कमिटीने ते काम त्यांच्याकडेच सोपवले.